रक्ताचे नाते आणि रक्ताची गुठळी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका शिक्षकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज आरोग्याविषयी बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला इतिहासाचा शिक्षक. तेव्हा नाडी कशी पाहावी किंवा कोणते औषध घ्यावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण आमच्या घरात एक प्रसंग घडला. त्या प्रसंगाने आम्हाला शहाणपण शिकवले आणि त्याची किंमतही वसूल केली. ते शहाणपण आपल्याला फुकट मिळावे, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. माझे थोरले भाऊ आखातातून रजेवर आले होते. वय चाळीस. अंगाने सडपातळ, साखर नाही, रक्तदाब नाही. सवय एकच, सिगारेटची. रात्री दहाच्या सुमारास जेवण झाल्यावर त्यांच्या छातीत जड वाटू लागले, डावा हात भरून आला, घाम फुटला. आम्ही काय केले? जे आपल्याकडे घरोघरी करतात तेच. कोणी ओवा दिला, कोणी सोडा आणला, कोणी पाठ चोळली. "गॅस आहे, उतरेल," असे सर्वांनी एकमतानेच ठरवले. मी शिकलेला माणूस, पण मीही मान डोलावली. पाऊस कोसळत होता, रात्रीचे वाहन कोण काढणार, हाही विचार मनात होताच. शेवटी रात्री अडीच वाजता त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख काढला आणि तेथील तरुण डॉक्टरांनी सांगितले, "हार्ट अ‍ॅटॅक आहे." त्यांनी ताबडतोब गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले आणि रुग्णवाहिकेने शहरात पाठवले.

शहरातल्या रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. तेथील डॉक्टर चकित झाले. चाळिशीत झटका आलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असतील असे त्यांना वाटले होते. पण भाईजानच्या वाहिन्या बऱ्याच स्वच्छ होत्या. फक्त एका वाहिनीत रक्ताची मोठी गुठळी अडकलेली होती. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून विचारले, "तुमच्या घरात कमी वयात कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती काय? कोणी अचानक गेले काय?"

आम्ही सर्वांनी एका आवाजात सांगितले, "नाही."

अम्मी मात्र गप्प होत्या. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळूच सांगितले, "तुझी खाला बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी गेली ना, ती तापाने नव्हती गेली. पाय सुजला होता, मग एकाएकी श्वास लागला आणि बसल्या जागी गेली. तेवीस वर्षांची होती. आणि तुझ्या मामूंचा पाय आयुष्यभर सुजलेला असायचा, तो पडल्यामुळे नव्हता."

ही १९९१ ची गोष्ट. मला कधीच कळली नव्हती. लोक म्हणाले नजर लागली, आणि घरच्यांनीही तेच म्हणू दिले. कारण? खालांच्या मागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. "त्यांच्या घरात काही तरी आजार आहे," असा बभ्रा झाला असता तर पैगाम येणे बंद झाले असते. म्हणून तो आजार कुलूप लावून ठेवला, आणि अठ्ठावीस वर्षांनंतर तो माझ्या भावाच्या छातीत प्रकट झाला.

मी त्या रात्रीच डॉक्टरांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हे बरे केले. आता औषध कसे द्यायचे ते ठरवता येईल."

हे औषधाचे प्रकरण समजण्यासाठी रक्त गोठते कसे ते थोडे पाहू. विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

पावसाळ्यात शेताचा बांध फुटला तर आपण काय करतो? आधी हाताला येतील ते दगड-ढेकळे टाकून पाणी अडवतो, मग पेंढा आणि चिखल घालून ती जागा पक्की करतो. रक्तवाहिनीला जखम झाली की असेच घडते. रक्तातल्या बिंबिका, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्या धावून जातात आणि एकमेकींना चिकटतात, ही ढेकळे. मग रक्तातली अनेक प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणतात, हा पेंढा-चिखल. हे काम थांबवणारी माणसेही रक्तात असतात. नाही तर एका बोटाला कापले म्हणून सारे रक्तच गोठून जाईल. गोठण्याचे काम म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर मानला, तर प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हे तिचे ब्रेक होत.

काही घराण्यांत या ब्रेकपैकी एखादा जन्मतःच अर्धा असतो. नॉर्वेतील एगेबर्ग या डॉक्टरांनी १९६५ साली अँटिथ्रॉम्बिन कमी असलेले एक कुटुंब जगापुढे मांडले. प्रोटीन सीची कमतरता १९८१ साली उजेडात आली, प्रोटीन एसची १९८४ साली. १९९४ साली हॉलंडमधील लायडेन गावच्या संशोधकांना आणखी एक दोष सापडला. त्यात प्रोटीन सी पुरेसे असते, पण ज्या प्रथिनावर ते ब्रेक लावते, त्या 'फॅक्टर पाच'ची घडणच अशी बदललेली असते की ब्रेक नीट लागत नाही. त्याला 'फॅक्टर पाच लायडेन' असे नाव पडले.

आमच्या घरात निघाली ती प्रोटीन सीची कमतरता. साधारण दोनशे ते पाचशे माणसांत एकाला ती सौम्य स्वरूपात असते. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकच म्हणा. आम्ही तीन भावंडे. भाईजान आणि धाकटी बहीण यांच्या वाट्याला ती आली, मी सुटलो. यात माझे पुण्य नाही आणि त्यांचा गुन्हा नाही.

अर्ध्या ब्रेकची गाडी सपाट रस्त्यावर कित्येक वर्षे सुरळीत चालते. अडचण घाटात येते. घाट कोणते? बाळंतपण, मोठे ऑपरेशन, हाड मोडून अंथरुणावर पडणे, तासन् तास पाय न हलवता केलेला प्रवास, काही संततिनियमनाच्या गोळ्या, आणि सिगारेट. खालांचा घाट बाळंतपणाचा होता. भाईजानचा घाट त्यांनी स्वतः खिशात बाळगला होता.

पण हे ऐकून आपण सर्वांनी उद्या रक्त तपासायला धावू नये. हृदयविकाराचा झटका बहुतेकांना येतो तो चरबीच्या थरामुळे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत साठलेला थर फाटतो, रक्ताला ती जखम वाटते आणि तेथे गुठळी होते. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी १९१२ साली ही गुठळी आणि झटका यांचा संबंध सांगितला होता. तरी गुठळी आधी की झटका आधी, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९८० साली अमेरिकेत झटक्याच्या पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी करून पाहिली, तेव्हा बहुतेकांची वाहिनी गुठळीने बंद झालेली दिसली आणि तो वाद मिटला.

मग आनुवंशिक दोषाचा वाटा किती? २००६ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून ६६,१५५ रुग्ण आणि ९१,३०७ इतर माणसे यांची तुलना प्रसिद्ध झाली. फॅक्टर पाच लायडेनमुळे हृदयवाहिन्यांच्या आजाराचा धोका शंभराचा एकशे सतरा होतो, एवढेच निघाले. म्हणजे साठीच्या गृहस्थाला झटका आला, तर आधी तंबाखू, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल पाहावे. खानदानाला दोष देऊन सिगारेट पेटवू नये!

तरुणांची गोष्ट थोडी निराळी. १९९७ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील १८ ते ४४ वर्षांच्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्यात फॅक्टर पाच लायडेन होता आणि ज्या धूम्रपानही करीत, त्यांना झटक्याचा धोका यांपैकी काहीच नसलेल्या स्त्रियांच्या ३२ पट आढळला. रुग्णांची संख्या थोडी होती, तेव्हा नेमका आकडा धरून बसू नये; पण दोष आणि धूर यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, हे ध्यानात ठेवावे. आणि २००८ साली हॉलंडमधील घराण्यांच्या अभ्यासातून दिसले, की प्रोटीन सी किंवा प्रोटीन एस कमी असणाऱ्यांना पंचावन्न वर्षांच्या आत धमनीत गुठळी होण्याचा धोका इतरांहून कितीतरी पटींनी अधिक असतो. भाईजान त्यांतले एक.

आता मूळ मुद्दा. झटका येऊन गेल्यावर घराण्याची माहिती असली काय आणि नसली काय, फरक काय पडतो? फरक पडतो, आणि तो जिवाचा असतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांत वॉरफरिन ही जुनी आणि स्वस्त गोळी. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्यावरून पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ पासून ते उंदरांचे विष म्हणून विकले गेले आणि १९५४ साली माणसाचे औषध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिले गेले. १९५६ साली ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

हे औषध गुठळी करणारी प्रथिने कमी करते, पण सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याआधी प्रोटीन सीच कमी करते. ज्याचे प्रोटीन सी जन्मतःच अर्धे, त्याचे आणखी घटते. अशा माणसाला आधी हेपॅरिनचे इंजेक्शन न देता वॉरफरिन सुरू केले, तर कातडीतल्या बारीक वाहिन्या गोठून कातडी काळी पडून मरू शकते. म्हणजे गुठळी टाळण्याचे औषधच गुठळी करते! अम्मींनी त्या रात्री तोंड उघडले म्हणून डॉक्टरांनी हेपॅरिन चालू ठेवूनच ही गोळी सुरू केली. ताज्या गुठळीत आणि वॉरफरिनच्या काळात प्रोटीन सीचा आकडा फसवा येतो, म्हणून भाईजानची तपासणी काही महिन्यांनी औषध बदलून केली. अम्मी आणि आम्ही दोघे भावंडे यांची तपासणी आधीच झाली होती. चाळिशीतला झटका, वाहिन्या स्वच्छ आणि घरात गुठळ्यांचा इतिहास, असा प्रसंग असेल तेव्हाच डॉक्टर या तपासण्या सांगतात.

आपल्या पूर्वजांना हे सारे अगदीच अनोळखी नव्हते. इ. स. १००० च्या सुमारास कुर्तुब्याचे थोर शल्यवैद्य अल्-जहरावी यांनी आपल्या 'अत्-तस्रीफ' या तीस भागांच्या ग्रंथात एका गावची हकिकत लिहून ठेवली. तेथील पुरुषांना लहानशी जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि ते दगावत. आज आपण ज्याला हिमोफिलिया म्हणतो, तो हा आजार असावा, असे मानतात. आमच्या घरातल्या दोषाची ही उलटी बाजू. हाही दोष घराण्यात उतरतो. आपल्या मुलांत तो कधी कधी खतन्याच्या वेळी प्रथम कळतो. मामाकडच्या बाजूला कोणा मुलाचे रक्त थांबत नसे, असे ऐकले असेल तर खतन्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. चांगल्या उपचारांमुळे हिमोफिलियाचे रुग्ण आता उतारवय पाहतात, आणि त्यांनाही हृदयविकार होतो. त्यांना अ‍ॅस्पिरिन द्यायची तर रक्ताचा तोल सांभाळून द्यावी लागते. तेथेही डॉक्टरांना हवी असते ती माहितीच.

अल्-जहरावींनी ते लिहून ठेवले. आम्ही मात्र लपवून ठेवले.

भाईजान वाचले. पण त्या साडेचार तासांत हृदयाचा एक भाग निकामी झाला. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकते. त्यांचे चाळीस टक्केच टाकते. आखातातली नोकरी गेली. आज ते गावात लहानसे दुकान चालवतात, जिना चढताना मध्ये थांबतात. या नुकसानीचा मोठा वाटा प्रोटीन सीचा नाही, तो आमच्या ओव्याचा आणि सोड्याचा आहे. इटलीत १९८६ साली ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या प्रयोगात गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तासात मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. उशीर होईल तसा फायदा ओसरत गेला. १९८८ साली १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगात ज्यांना काहीच दिले नव्हते, त्यांतले शंभरी तेरा पाच आठवड्यांत दगावले. ज्यांना ते औषध आणि साधी अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळाले, त्यांतले आठ. वेळ हेच औषध, ही नुसती म्हण नव्हे.

आता एक घरगुती गोष्ट सांगून आटोपते घेतो. २०२१ साली माझ्या धाकट्या बहिणीला पैगाम आला. अब्बा म्हणाले, "निकाह होऊ दे, मग सांगू." ज्या अम्मींनी अठ्ठावीस वर्षे तोंड उघडले नव्हते, त्या म्हणाल्या, "आधी सांगायचे." आम्ही सांगितले. ते स्थळ परत गेले. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी आमच्या घरात कोणी जेवले नाही. अब्बा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

सहा महिन्यांनी दुसरे स्थळ आले. मी स्वतः जाऊन सर्व सांगितले. मुलाचे वडील बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "यावर उपाय आहे ना?" मी म्हणालो, "आहे. बाळंतपणात इंजेक्शने घ्यावी लागतील." ते म्हणाले, "मग ठीक. आमच्या घरात तीन पिढ्यांची साखर आहे, तेही तुम्ही ऐकून ठेवा."

२०२३ साली बहिणीला दिवस गेले. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सर्व सांगितले होते. बाळापर्यंत न पोचणारी हेपॅरिनची इंजेक्शने तिने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे घेतली. दहावा दिवस आला तेव्हा अम्मी रात्रभर तिच्या पायाशी बसून होत्या, दर तासाला पायावरून हात फिरवीत होत्या. पाय सुजला नाही. मुलगी झाली आहे, आता ती घरभर धावते. तिच्यात हा दोष आहे की नाही, ते पुढे पाहू. लहानपणी हे प्रथिन सर्वांचेच कमी असते, म्हणून घाई करायची नसते.

पालकहो, माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली. घरी गेल्यावर एका वहीत तीन पिढ्यांची नोंद करा. पन्नाशीच्या आत कोणाला झटका आला, कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली, कोण बाळंतपणात गेली, कोणाचे रक्त थांबत नसे. आईकडचे आणि बापाकडचे, दोन्ही लिहा. ही वही डॉक्टरांना दाखवा.

दुसरी. छातीत दडपण, हात किंवा जबडा भरून येणे, घाम, श्वास लागणे, यांपैकी काही झाले तर ओवा शोधू नका, १०८ ला फोन करा. अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात, पण रक्तस्रावाचा आजार असेल किंवा ती गोळी सोसत नसेल तर ती घातक ठरते; म्हणून फोनवर विचारून घ्या. आणि झटक्यानंतरच्या गोळ्या "आता बरे वाटते" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरी. आपल्याकडे चुलत-मामेभावंडांत निकाह होतात. त्याची मुभा आहे, सक्ती नाही. असा दोष दोन्हीकडे असला तर दर चार मुलांत एकाला तो दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता असते. प्रोटीन सीच्या बाबतीत असे बाळ जन्मल्यावर काही तासांतच किंवा दिवसांतच गंभीर आजारी पडू शकते. घराण्यात दोष ठाऊक असेल तर आधी तपासून घ्या. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांसाठी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. आपल्या डॉक्टरांकडून तेथली माहिती मिळवता येईल.

चौथी सर्वांत अवघड. कोणी आपल्या घरचा आजार तुम्हाला विश्वासाने सांगितला, तर पैगाम घेऊन लगेच उठू नका. लोक लपवतात ते आपण उठून जातो म्हणून.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. घराण्याकडून काय आले, ते तुमच्या हातात नाही. खिशात काय ठेवायचे, ते तुमच्या हातात आहे.

माझ्या खालांचे छायाचित्र आता आमच्या बैठकीत लावले आहे. इतकी वर्षे ते पेटीत होते. पाहुणे विचारतात, ही कोण? अम्मी त्यांना सांगतात, ही माझी बहीण. आणि मग ती कशाने गेली, तेही सांगतात.